उत्साही कर्मचाऱ्याची खुर्ची

जेवणानंतर कार्यालयाला पेंग येते, ही बाब साहेबांच्या नजरेस आली आणि तिचे कारण एका बैठकीत निश्चित झाले : जीवनसत्त्वांचा अभाव. रक्त कोणाचेच तपासलेले नव्हते. परंतु गोळ्यांची खोकी आधीच येऊन पडल्यामुळे दुसऱ्या निदानाला वाव उरला नव्हता.

आवक-जावक सांभाळणाऱ्या नानांनी इतरांबरोबर गोळी गिळली. दुपारी त्यांचे डोळे मिटलेच. साहेबांनी टेबलावर टिचकी मारली.

"नाना, गोळी घेतली नाहीत."

"घेतली, साहेब. तुमच्यासमोरच."

"मग पेंग येईलच कशी?"

दुसऱ्या दिवसापासून गोळी दिल्यावर दारातच जीभ तपासली जाऊ लागली. तोंड उघडले की जांभई येई. तिला आता तेवढीच अधिकृत जागा उरली होती.

गोळी पोटात गेल्याची खातरजमा झाल्यावर उत्साह वाढल्याचे गृहीत धरणे ओघानेच आले. उत्साही माणसाला लिफ्ट कशाला, म्हणून ती बंद झाली. उत्साही माणूस बसून राहत नाही, म्हणून खुर्च्या उचलल्या गेल्या. नानांच्या पाठीचा आकार घेतलेली त्यांची जुनी खुर्ची साहेबांच्या दालनात खोकी ठेवण्याच्या कामी रुजू झाली.

रात्री नानांच्या पोटऱ्यांना तेल चोळताना बायको म्हणाली, "अहो, ताकदीच्या गोळ्या खाऊन माणूस असा गळतो होय? आधी डॉक्टरांना दाखवा. आणि खुर्ची मागा. तोंड काय नुसतं जीभ दाखवायला दिलंय?"

डॉक्टरांनी रक्त तपासले. "जीवनसत्त्वं काठोकाठ आहेत. कमी असती तर गोळीचा उपयोग. तुम्हाला हवीय झोप, आणि बसायला जागा."

नानांनी हे शब्दशः साहेबांपुढे मांडले. "तेवढी खुर्ची परत मिळाली तर..."

साहेब प्रसन्न झाले. "काठोकाठ? म्हणजे गोळी लागू पडली म्हणायची! शेजारचं रिकामं टेबलही आजपासून तुम्हीच बघा."

"आणि खुर्ची?"

"तिच्यावर गोळ्या आहेत ना," म्हणता म्हणता साहेबांनीच प्रशस्त जांभई दिली.

"साहेब, आज आपली गोळी राहिली का?" नानांनी अदबीने विचारले.

"आमचं वेगळं. आम्ही विचार करून थकतो."

जांभई संसर्गजन्य असते. इथवर येताना आपणही एखादी दिली असल्यास कृपया जीभ दाखवावी. आपण हे बसूनच वाचत आहात, याचीही नोंद घेतली आहे; खुर्ची न्यायला माणसे निघाली आहेत.