बारांच्या झग्याची मोहीम

सत्यास स्मरोन आणि कोणाची भीडमुर्वत न धरिता, बारांच्या गायनफौजेवर जो बिकट प्रसंग गुजरला त्याची हकिकत लिहिली असे. वाचणारांनी हसू आवरोन वाचावे.

चर्चमधील गायकांची फौज, तिचे नाव 'बारा'. प्रभूचे शिष्य बारा, म्हणोन गाणारेही बारा आणि झगेही बारा. सरसेनापती गणिताच्या निवृत्त बाई, शिस्तीस बहुत करड्या. जाड आवाजाचे सरदार पाववाले. त्यांची धाकटी बहीण शिंपीण हीही फौजेत, आणि झग्यांचा कारखाना तिजकडे.

एके सरावी पाववाले गाण्यात सर्वांआधी घुसले, आणि बाईंनी भर फौजेत विचारिले, "भट्टीत पाव जळतायत का?" मग सरदार संतप्त होऊन, झगा भिरकावोन, दार आपटोन चालते जाहले.

मग बाईंचे फर्मान सुटले की, बारा म्हणजे बारा. घड्याळजीस भरती करावे, आणि पाववाल्यांचा झगा कापोन त्याच्या मापाचा करावा. पाववाले अंगाने पिंप, घड्याळजी काडी. एकदा कात्री चालली की दादा पुन्हा उंबरा चढणार नाही, हे शिंपिणीने जाणिले. मग तिने आज धागा संपला, उद्या मशीन रुसले, ऐशा गनिमी काव्याने लढाई लांबविली.

अखेर बाई जातीने दुकानी चालोन आल्या.

"दादा येईल हो, बाई," शिंपीण झगा पोटाशी धरोन म्हणाली. "त्याची जागा राहू द्या."

"अकरा जणांना बारा कसं म्हणू? जन्मभर गणित शिकवलंय मी!"

मग मसलत पाळकसाहेबांपुढे गेली. साहेबांनी मूळ ग्रीक शास्त्र व उशीएवढा कोश काढिला आणि निवाडा दिला की, शब्द 'दोदेका'. दोन आणि दहा मिळोन बारा. बाईंची सरशी दिसो लागली, आणि शिंपिणीचा धीर खचला.

परंतु साहेबांस खोलात शिरण्याची खोड. शब्द कोठकोठे आला ते धुंडिता, प्रभू मरणातून उठोन 'बारांना' दिसला, या प्रेषित पौलाच्या पत्रातील ओळीवर त्यांचे बोट थबकले. बाईंनी चष्मा कपाळावर नेला.

"अहो, प्रभूला दगा देणारा शिष्य तर आधीच गेला होता. उरले अकरा!"

"अकराच. तरी लिहिलंय बारा. तोवर ते त्यांचं नाव झालं होतं, बाई. एक गेला म्हणून नाव बदललं नाही."

"आणि माझ्या दादाने तर दगाही दिला नाही," शिंपीण म्हणाली. "नुसतं दार आपटलं."

बाईंनी भरती तहकूब केली.

रविवारी पाववाले शेवटल्या बाकावर तोंड फुगवोन बसले; आपल्या झग्यात कोण मिरवितो ते पाहण्यास आले होते. पुढे अकरा जण उभे, मध्ये एक जागा मोकळी, आणि झगा शिंपिणीच्या हातावर. मग बाईंनी थेट त्या शेवटल्या बाकाकडे पाहोन सर्वांस जाहीर केले, "आता आपले बारा गातील."

लोक मोजो लागले. बाई गाण्याच्या इशाऱ्याचा हात वर न करिता उभ्याच राहिल्या. मग पाववाले उठले, आणि मधल्या वाटेने चालत येऊन बहिणीशेजारी उभे राहिले. शिंपिणीने झगा त्यांच्या खांद्यावर घातला, आणि तिला ऐसे रडू फुटले की पहिले कडवे गाताच आले नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. त्या कडव्यास आवाज अकराच होते. दप्तरी मात्र बारांनी गायिले ऐसेच लिहिले असे.