जळालेला दवबिंदू

परदेशी लोकांशी बोलताना काय सांभाळायचं, हे मिनलला पक्कं ठाऊक होतं. हळू बोलायचं, लाख-कोटी म्हणायचं नाही आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लावायचं. एमएस्सीला असताना एककांवरून तिने मैत्रिणींची डोकी खाल्ली होती. त्यामुळे हॉलंडच्या प्राध्यापक बाईंना ऑनलाइन मुलाखत देणं म्हणजे हातचा मळ, असं तिने नंदनवन वस्तीतल्या घरी जाहीर करून टाकलं.

पीएचडीची ती जागा एकच होती आणि मिनलला ती हवीच होती. काटोलजवळच्या घरच्या संत्र्याच्या बागेत तिने हवामान मोजायचं यंत्र बसवलं होतं. त्याच्या नोंदी बाईंकडे आधीच पोचल्या होत्या.

बाईंनी पडद्यावर तक्ता उघडला. एप्रिलमधले रकाने कोरे होते आणि बाजूला मिनलचा शेरा होता: 'डीपी जळाली. नवीन डीपीची वाट पाहत आहोत.'

डीपी जळते म्हणजे काय, बाईंनी विचारलं.

उन्हाळ्यात जळतेच, मिनल समजुतीच्या सुरात म्हणाली. सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की लोड येतो.

"मग तुम्ही काय करता?"

"लाइनमनच्या मागे लागतो. फारच बोंब झाली की नवी डीपी येते. ट्रॅक्टरवर."

"ट्रॅक्टरवर," बाईंनी सावकाश लिहून घेतलं.

बारीकसारीक बिघाड असला तर बाबाच बांबूने ठीक करतात, हेही मिनलने सांगितलं. बाईंचा चेहरा पंचांग हातात दिलेल्या पाहुण्यासारखा झाला. शेवटी त्या फार अदबीने म्हणाल्या, "या तक्त्यात डीपी म्हणजे ड्यू पॉइंट. दवबिंदू. हवेतल्या वाफेचं दव होतं, ते तापमान. ते तुमच्याकडे ट्रॅक्टरवर येतं?"

मिनलची कानशिलं तापली. रकान्यावरचा 'डीपी' हा मथळा तिनेच टाइप केला होता. तिच्या डोक्यात दोन डीपी वर्षानुवर्षं शेजारीशेजारी नांदत होत्या, पण एकमेकींशी ओळखच नव्हती. ही दुसरी डीपी, ती घाईने म्हणाली, विजेचा ट्रान्सफॉर्मर.

"अच्छा. मग डीपी हे कशाचं लघुरूप?"

डीपीपाशी जाऊ नको, हे ऐकतच मिनल मोठी झाली होती. डीपी गेली म्हणून अंधारात जेवली होती. पण ही अक्षरं कशाची, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. घरातल्या शब्दाला कोण एकक विचारतं? तिने माइक बंद करून दाराआडच्या रुपरावांना, म्हणजे बाबांना, विचारलं.

"डीपी म्हंजे डीपीच ना वं," ते म्हणाले. "त्याले अजून काय नाव ठेवाचं?"

तिने माइक सुरू केला. "मला माहीत नाही. पण ती जळाली की वीज जाते आणि माझं यंत्र बंद पडतं. म्हणून रकाने कोरे आहेत."

"अंदाजाने भरता आले असते. बाकीच्या उमेदवारांनी भरलेत."

"मोजलंच नाही, तर लिहू काय?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. जागा तुझी, म्हणाल्या, शेरा मात्र सुधारून पाठव.

रुपरावांना दम कुठला. ते थेट अंगणात गेले. शेजारच्या वच्छलाबाई वाळवण घालत होत्या.

"आमच्या मिनलचं हॉलंडले जमलं. डीपीनंच काम केलं म्हना."

वच्छलाबाईंनी घराकडे वळून लेकीला हाक मारली, "माया, तो मोबाइलवरचा गुलाबाचा फोटो काढून टाक वं. सोताचा लाव, चांगला. हॉलंडवाले डीपी पाहून पोरी घेऊन राहिले."