निरोगी डोळ्यांचा अर्ज

मार्तंडरावांच्या फंडातून चुकीच्या माणसाला आजवर कपभर काढासुद्धा मिळालेला नव्हता! हे ते स्वतःच सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत. मुरूमच्या बाजारात शेतकऱ्यांचा खरेदी-विक्री संघ होता आणि मार्तंडराव त्याचे हेडक्लार्क. संघातल्या नोकरांनी पगारातून थोडं थोडं बाजूला टाकून एक आजार-फंड काढला होता, त्याचे चिटणीसही तेच. घरात कुणी आजारी पडलं की अर्ज करायचा आणि दवाखान्याचा खर्च फंडानं द्यायचा, अशी सोय होती. निजामाच्या अमदानीत मार्तंडरावांनी उर्दूतून कारकुनी केली होती, राज्य गेल्यावर ती मराठीतून सुरू केली. भाषा बदलली, पण नियमांवरची माया तीच राहिली. फंडाची बारा कलमं त्यांनी एकहाती लिहिली होती आणि त्यातलं सातवं त्यांना पोटच्या पोरासारखं लाडकं होतं. 'आजार असल्याखेरीज तपासणीचा खर्च मिळणार नाही.'

"ठणठणीत माणसानं डॉक्टरकडं जायचं कशाला?" ते विचारत. "गप्पा मारायला?"

या कलमाचा दणका त्यांच्याच घरात बसला. झालं असं, की त्यांच्या पत्नी वनमालाबाईंना चैत्रात एकोणचाळिसावं वर्ष सरून चाळिसावं लागलं. त्यांच्या आई तुळजाबाई अणदूरला असत. ऐन चाळिशीत त्यांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. आधी नुसतं कडेचं दिसेनासं झालं, बाई दाराच्या चौकटींना धडकू लागल्या. घरचे म्हणाले, वेंधळ्या झाल्यात. सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "वर्षभर आधी का नाही आणलंत?" एवढंच ते म्हणाले. ते वाक्य वनमालाबाईंच्या काळजात रुतून बसलं होतं.

एका दुपारी ताक वाढता वाढता त्यांनी विषय काढला. "अहो, सोलापूरचे डोळ्यांचे डॉक्टर बाजाराच्या दिवशी इथं येतात म्हणं. माझे डोळे एकदा दाखवून आणता का?"

"काय होतंय?"

"होत काहीच नाही."

"दिसतं ना?"

"दिसतं की."

"मग सातव्या कलमात अडकलं!" मार्तंडरावांनी ताकाचा भुरका मारला. "होऊ दे काहीतरी, मग बघू."

वनमालाबाईंनी आणखी थोडं ताक वाढलं. आपण काय बोलून बसलो, याचा मार्तंडरावांना पत्ताही नव्हता. माणूस वाईट नव्हता हो, फक्त त्याला कलमांत राहायची सवय झाली होती.

पंधरा दिवसांनी चहात मीठ आलं! चिमूटभर नव्हे, चांगलं चमचा-दीड चमचा. मार्तंडरावांनी घोट घेतला, तो तसाच अंगणातल्या तुळशीला अर्पण केला आणि परत येऊन स्वयंपाकघरात डोकावले. वनमालाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. फळीवरच्या डब्यांवरून त्यांचा हात एकेक डबा चाचपत चालला होता. एक डबा त्यांनी उचलला, वास घेतला, परत ठेवला. मग भिंतीला बोटं लावून, पुटपुटत पावलं मोजत त्या चुलीकडं निघाल्या.

"अगं!" मार्तंडराव ओरडले.

वनमालाबाई दचकून वळल्या आणि भराभर डोळे मिचकावू लागल्या. "काय झालं? चहा बरा नाही झाला का?"

"फर्मास झालाय!" मार्तंडराव म्हणाले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि चहाला त्यांनी फर्मास म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्या दिवशी संघात त्यांनी भुईमुगाची पोती तुरीच्या खात्यात मांडली. 'होऊ दे काहीतरी,' आपणच म्हणालो होतो! झालं की! आता तिला विचारायचं कसं? विचारलं तर ती घाबरेल, आधीच आईचं बघितलेलं. मार्तंडरावांनी ठरवलं, की काही बोलायचं नाही, गुपचूप मदत करायची. संध्याकाळी त्यांनी गोदामातून पोती शिवायची सुतळी मागून घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारापासून थेट परसातल्या आडापर्यंत कमरेच्या उंचीवर ओढून बांधली. धरून धरून जाईल बिचारी!

दुसऱ्या दिवशी जेवायला आले, हात धुवायला परसात गेले, तर पोटावर ओलं धोतर सपकन बसलं. सुतळीवर घरातलं सगळं धुणं वाळत होतं.

"बाई गं!" वनमालाबाईंचा चेहरा फुलला होता. "वाळत घालायला दोरी बांधा म्हणून किती वर्षं मागं लागले होते! बांधलीत एकदाची. जरा उंच बांधायची, धोतर मातीला लागतंय."

धोतर मातीला लागतंय हे हिला कळलं, म्हणजे ते हाताला लागलं असणार, असा मार्तंडरावांनी अर्थ काढला. त्यांना भरून आलं. हातही न धुता ते शेजारच्या जगदेवीबाईंकडं गेले.

"वैनी, जरा लक्ष ठेवा हो आमच्या घराकडं. हिला... दिसत नाही."

"अगं आई गं!" जगदेवीबाईंनी तोंडावर पदर धरला. "कुणाला सांगत न्हाय बगा म्या!"

आणि खरंच, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गल्लीतल्या बायकांना तेवढं सांगितलं. तिसऱ्या प्रहरी सहा जणी वनमालाबाईंच्या ओसरीवर गोळा झाल्या. एकीनं मध आणला होता, एकीनं गुलाबपाणी, एकीनं येडाई देवीचा अंगारा. वनमालाबाई गोंधळून सगळ्यांकडं बघत होत्या आणि त्यांनी आपल्याकडं बघितलं की बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

"वळखलीस का मला, वनमाले?" जगदेवीबाईंनी एक-एक शब्द मोठ्यानं विचारला.

"काय विचारता हो, जगदेवीबाई? सकाळीच तर विरजण नेलंत."

"आवाजावरनं वळखलं," मागून कुणीतरी हळहळलं.

मार्तंडरावांनी मात्र वेळ घालवला नाही. नेहमीच्या वळणदार अक्षरात त्यांनी फंडाकडं अर्ज लिहिला. 'माझ्या कुटुंबास दिसेनासे झाले आहे. चहात मीठ पडते. भिंत धरून चालावे लागते. सबब कलम सातप्रमाणे डोळ्यांच्या तपासणीचा खर्च मिळावा.' लिहिताना कागदावर थेंब पडला, तो त्यांनी टिपकागदानं टिपला. अर्ज नियमात चोख बसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच नियमात बसल्याचं त्यांना वाईट वाटलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल, तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेतो."

वनमालाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. "खरंच? आणि कलम?"

"कलमाचं मी बघतो. तू माझा हात धर."

"भर बाजारातून? लोक काय म्हणतील!"

"लोकांना माहीत आहे," मार्तंडराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला आणि मिरच्यांच्या ढिगांमधून, बांगड्यांच्या पालांसमोरून तिला नेलं. "पुढं दगड आहे. आता उतार. डाव्या अंगाला म्हैस." वनमालाबाईंना वाटलं, माणसाला झालंय तरी काय? पण हात काही त्यांनी सोडवून घेतला नाही.

डॉक्टर शाळेच्या एका खोलीत बसत. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला होता, वरची अक्षरं पातेल्याएवढी, खालची मोहरीएवढी. वीस फुटांवर वनमालाबाईंना स्टुलावर बसवलं. मार्तंडराव डॉक्टरांच्या कानाशी लागले. "जपून सांगा हो. हाय खाईल ती."

"वाचा बाई, जमेल तिथपर्यंत," डॉक्टर म्हणाले.

वनमालाबाई अणदूरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि वर्गात त्यांचा पहिला नंबर असे. इतक्या वर्षांनी कुणीतरी वाचायला सांगत होतं! त्यांनी पदर सावरला, पाठ ताठ केली आणि इन्स्पेक्टरसमोर वाचावं तसं खणखणीत वाचायला घेतलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. मोहरीची ओळही झाली. डॉक्टर "बास" म्हणायच्या आत त्यांनी त्याखालचंही वाचलं, "सुबोध छापखाना, साखर पेठ, सोलापूर!"

डॉक्टर उठले, तक्त्याजवळ गेले, खिशातून भिंग काढून त्यांनी खालचा कोपरा बघितला. "असं लिहिलंय खरं," ते म्हणाले. "सात वर्षं हा तक्ता वापरतोय, मला माहीत नव्हतं. पेशंट कोण आहे, मार्तंडराव?"

"अहो, पण तिला दिसत नाही!"

"मला?" वनमालाबाई वळल्या. "कुणी सांगितलं?"

"मग चहात मीठ? भिंत धरून चालणं? डबे चाचपणं?"

वनमालाबाईंनी मान खाली घातली. पदराच्या टोकाला पीळ दिला. "सराव करत होते," त्या हळूच म्हणाल्या. "डोळे मिटून. आईसारखं झालं, तर तुम्हाला वेळेवर जेवायला नको का मिळायला? एका दिवशी डबा चुकला. तुम्ही चहा फर्मास झाला म्हणालात, म्हणून मला वाटलं साखरच पडली."

मार्तंडरावांना खाली बसावं लागलं. खोलीत एकच स्टूल होतं आणि त्यावर वनमालाबाई होत्या, म्हणून ते जमिनीवरच बसले. होऊ दे काहीतरी, मग बघू. हेच म्हणालो होतो आपण. आणि ही बाई त्यावर काही न बोलता आंधळं व्हायची तयारी करत होती, ती पण आपल्या जेवणासाठी! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की डॉक्टर काहीतरी बोलत होते ते त्यांना ऐकूच आलं नाही.

डॉक्टर सांगत होते, की काचबिंदू तक्त्यावर कळत नाही. समोरचं शेवटपर्यंत दिसतं आणि डोळा कडेनं जातो. त्यांनी वनमालाबाईंना बाकावर आडवं केलं, डोळ्यांत थेंब टाकले, बुबुळावर एक चिमुकलं यंत्र ठेवून आतला दाब मोजला. मग बोटं कडेनं हलवून कुठवर दिसतात ते बघितलं.

"दोन्ही डोळे उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "पण आईला होता ना? मग दर वर्षी दाखवायचं. दिसत असताना दाखवायचं. दिसेनासं झाल्यावर मी काय करू?" आणि तेच त्यांनी दाखल्यावर लिहून, खाली शिक्का मारून दिलं.

चार दिवसांनी फंडाच्या पंचांची बैठक भरली. अध्यक्ष चन्नबसप्पा, स्वतः तूर पिकवणारे, गादीला टेकून बसले होते. अर्ज वाचायचं काम चिटणीसाचं, म्हणून मार्तंडरावांनी स्वतःचा अर्ज स्वतःच वाचला. मिठापर्यंत आले तेव्हा पंच हळहळले. मग त्यांनी दाखला वाचला. 'दोन्ही डोळे निरोगी.'

"थांबा ओ," चन्नबसप्पा म्हणाले. "मग आजार कुणाला हाय?"

"कुणालाच नाही."

"मग कलम सात काय म्हणतंय?"

"नामंजूर म्हणतंय," मार्तंडराव म्हणाले, आणि त्यांनी सर्वांदेखत आपल्या अर्जावर वळणदार अक्षरात तसं लिहिलं. पंच हसू दाबू लागले. पण मार्तंडराव खाली बसेनात. दारात बब्रुवान मापाडी उभा होता, त्याच्या हातातली परखी त्यांनी मागून घेतली. पोत्यात खुपसून मूठभर दाणे बाहेर काढायची ती लोखंडी नळी.

"चन्नबसप्पाअण्णा, तुमच्या तुरीच्या पोत्याला परखी मारतो, ते कीड दिसली म्हणून मारतो का?"

"कीड दिसल्यावर मारून काय उपेग? आधीच मारायची की!"

"माल चांगला निघाला, तर बब्रुवानाची मजुरी कापता का?"

"अरं वा!" बब्रुवान दारातून म्हणाला. "कापून बगा म्हणावं!"

"तुरीला एवढं जपतो आपण, अण्णा," मार्तंडराव परखी खाली ठेवत म्हणाले. "माणसाला मात्र सांगतो, आधी कीड लागू दे. ते कलम मी लिहिलंय. मीच चुकलो."

गादीचा टेका सोडून चन्नबसप्पा ताठ बसले. "लिवा," ते म्हणाले. "वरसातनं एकदा डोळं दाखवायचं. आजार असू दे न्हाय तर नसू दे, फंडानं द्यायचं."

मार्तंडरावांनी लिहिलं. पण हाडाचा कारकून! सवयीनं खाली आणखी एक ओळ लिहून गेले, 'हे कलम आजच्या तारखेपासून लागू.' त्यामुळं आधीचा त्यांचा अर्ज नामंजूर तो नामंजूरच राहिला.

हे सगळं त्यांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा वनमालाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "एवढं बोललात पंचांसमोर? माझ्यासाठी?"

"बोललो," मार्तंडराव म्हणाले. "तू एवढा सराव केलास. जमला का सगळा?"

"सगळा. डबे, चूल, देवघर, आडापर्यंतची पावलं. एकच जमत नव्हतं."

"काय?"

"तुमचा चेहरा. डोळे मिटले की यायचा, पण ठरायचा नाही. तीळ डाव्या गालावर की उजव्या, तेच आठवेना. म्हटलं, डोळे आहेत तोवर एकदा नीट बघून ठेवावं. पण तुमचं तोंड सदा वहीत."

मार्तंडरावांनी काखेतली वही बाजूला ठेवली. टोपी काढली, केस बसवले आणि ओसरीच्या कडेला, चांगल्या उजेडात, फोटो काढून घ्यायला बसावं तसे ताठ बसले.

"हं, बघ," ते म्हणाले. "डॉक्टरचा शिक्का आहे डोळ्यांना. बघ किती बघायचं तेवढं."

वनमालाबाई समोर बसल्या. त्यांनी खरंच बघितलं, शांतपणे, पुष्कळ वेळ. पापणीसुद्धा न हलवता मार्तंडरावांनी विचारलं, "सापडला का तीळ?"

"कसा सापडणार? चार दिवसांचे खुंट वाढलेत! आधी दाढी करून या!"