खानविलकर आणि एकोणतीस खुंट्या

खानविलकर माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी बुटाचे तळ बघतात. आमची पहिली भेट अमिरातीत, फुजैरा बंदराच्या अलीकडे, डोंगरातल्या एका पेट्रोल पंपावर झाली. सकाळचे सहा वाजले होते. मी हात जोडून नमस्कार म्हटलं, तर ते म्हणाले, "उजवा पाय उचला." मी बेचाळीस वर्षांची, विमा कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर असलेली बाई. पण त्या आवाजात असं काही होतं, की नवऱ्याच्या खांद्याला धरून मी निमूट पाय उचलला. त्यांनी वाकून तळ पाहिला, अंगठ्याने दाबून पाहिला. "चालेल. टाच झिजलीय. उतरताना माझ्या मागे राहा."

मग माझ्या मुलीची पाळी आली. मुक्ता तेव्हा नववीत होती. पाय दाखवून झाल्यावर ती मला म्हणाली, "आई, ही इज वर्स दॅन इमिग्रेशन."

खानविलकरांनी ऐकलं. "इमिग्रेशनला फक्त तुझा चेहरा लागतो," ते म्हणाले. "मला तू अख्खी खाली यायला हवीस."

मुकुंद खानविलकर मूळचे राजापूरकडचे. फुजैराच्या बंदरात जहाजांत तेल भरतात, ते किती भरलं हे मोजण्याचं त्यांचं काम. टाकीत फीत सोडायची, ओली किती झाली बघायचं, आकडा लिहायचा. तेवीस वर्षं हेच केल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना मोजल्याशिवाय खरी वाटत नाही. "मोजलंय मी," हे त्यांचं आवडतं वाक्य. डोंगरातल्या त्या वाटेची पावलं त्यांनी मोजली होती. खालच्या वाडीपासून वरच्या जुन्या खजुरीच्या मळ्यापर्यंत सहा हजार नऊशे चाळीस. "माझी," असं ते आवर्जून सांगत. "तुमची जास्त होतील, तुम्ही बोलत चालता."

ही वाट त्यांनी काही तयार केलेली नव्हती. डोंगरातले लोक पूर्वी गाढवांवर खजूर लादून तिच्यावरून ये-जा करत. मग डांबरी रस्ता झाला, वरची माणसं खाली राहायला आली, वाट मोडली. खानविलकरांना ती सापडली ती चुकल्यामुळे, हे ते स्वतः कबूल करत. त्यानंतर थंडीच्या प्रत्येक शनिवारी ते तिथे जाऊ लागले. ढासळलेल्या पायऱ्या रचायच्या, वळणावर तीन दगडांची उतरंड करायची, लोकांनी टाकलेल्या बाटल्या पोत्यात भरायच्या. हळूहळू माणसं जमली. शहरातल्या अल मनखूल भागातली आम्ही चार मराठी कुटुंबं, दोन केरळी नर्सा, तिथल्याच देरा बाजारात काम करणारे रत्नागिरीकडचे पाच-सहा जण, एक अबोल फिलिपिनो स्वयंपाकी. आठवडाभर लिफ्टमधून वर-खाली करणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्या वाटेचं व्यसनच लागलं.

खानविलकरांचे नियम कडक होते. जवळचा रस्ता काढायचा नाही. वाटेत गाणी लावायची नाहीत. बकरी समोरून आली तर बाजूला आपण व्हायचं. माझ्या नवऱ्याने एकदा, बकरीला काय कळतंय, असं म्हटलं. खानविलकर म्हणाले, "तिला कळत नाही म्हणून तर." या उत्तराचा अर्थ आम्ही परतीच्या प्रवासात मसाफी गाव येईपर्यंत लावत होतो.

त्यांची गाडी सदैव धुळीने माखलेली असे. नगरपालिकेने तिच्या काचेवर दोनदा नोटीस चिकटवली. त्या दोन्ही नोटिसा त्यांनी जपून ठेवल्या होत्या, कारण त्यांवर तारीख आणि जागा होती, आणि तारीख-जागा असलेला कागद ते फेकत नसत. डब्यात नेहमी घावणे आणि लसणीची चटणी. वरच्या मळ्यात पोचलं, की सगळ्यांना एकेक घावणा मोजून मिळे. दुसरा मागितला तर, "उतरायचंय," एवढंच म्हणत.

एका नोव्हेंबरात आम्ही मोसमातल्या पहिल्या चढाईला गेलो, तर वाटेवर लाल रंगाच्या लोखंडी खुंट्या ठोकलेल्या. प्रत्येकीवर पांढरा आकडा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खडीची खाण होती. तिचा धुरळा आम्हाला लांबून दिसायचा. ती आता अलीकडे येणार होती. खालच्या वाडीतल्या दुकानदाराने आणखी सांगितलं, की खाण झाली की मळ्याच्या जागी कुणी तरी हॉटेलही बांधायचं म्हणतंय.

खानविलकर खुंट्या मोजत निघाले. ते खालून वरपर्यंत गेले आणि खाली आले. "एकोणतीस," ते म्हणाले.

देऱ्यातल्या पोरांपैकी एकाने एका खुंटीला हात घातला. "काका, उपटून टाकू सगळ्या. कोण बघतंय इथे?"

"हात काढ," खानविलकर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पोराने हात काढला. "आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने भांडायचं नसतं. पण दिसलं ते सांगायचं असतं."

सांगायचं कसं, हा पुढचा प्रश्न. इंग्रजी अर्ज मी लिहिला. अरबीसाठी ते फुजैरातल्या टायपिंग सेंटरमध्ये गेले, मीही सोबत होते. तिथला टायपिस्ट पाकिस्तानी, अनुभवी गृहस्थ. त्याने विचारलं, "अर्ज कसला? व्हिसा, लायसन्स, भाडेकरार?"

"रास्ते का," खानविलकर म्हणाले.

"रास्ता चाहिए?"

"नहीं. रास्ता है. रहना चाहिए."

टायपिस्टने यादी वर-खाली केली. रस्ता राहावा म्हणून करायच्या अर्जाचा नमुना त्याच्याकडे नव्हता. शेवटी त्याने तो 'इतर' या सदरात घातला आणि म्हणाला, "भाईसाब, इतने साल में 'इतर' में पहला अर्ज है." खानविलकरांना ते फारच आवडलं.

अर्ज गेला आणि आठवडाभरात त्यांच्या मॅनेजरने त्यांना बोलावलं. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. त्या खाणीचा दगड याच बंदरातून जहाजांवर चढत होता. मॅनेजर म्हणाला, या भानगडीत तुमचं नाव नको, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, व्हिसा कंपनीचा आहे.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नाव मी आधीच घातलंय. आता खाडाखोड बरी दिसणार नाही."

मी विचारलं, भीती नाही वाटत का. "वाटते ना," म्हणाले. "काल रक्तदाब बघितला. मोजलाय मी."

नुसत्या अर्जाने काही होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. या वाटेला जुनी ओळख आहे हे दाखवायला हवं होतं. म्हणून त्यांनी खालच्या वाडीतले अबू राशिद गाठले. ऐंशीच्या घरातले, पांढरी दाढी, हातात बारीक काठी. तरुणपणी मुंबईच्या बंदरावर जाऊन आलेले, त्यामुळे हिंदी बोलत, आपल्या पद्धतीची. "मैं छोटा था, गधा आगे, मैं पीछे. अबी घुटना खलास."

दोन महिने खानविलकर दर शनिवारी आम्हाला वर पाठवत आणि स्वतः खाली अबू राशिदांसमोर मोबाइलमधले फोटो धरून बसत. प्रत्येक वळणाला नाव निघालं. नवरी थांबली ती जागा. दोन भावांनी पाणी वाटून घेतलं तो खडक. आंधळ्याची पायरी, कारण एक आंधळा मनुष्य तिथपर्यंत एकटा यायचा आणि तिथून पुढे कुणी तरी हात द्यायचं. अशी बावीस नावं. खानविलकरांनी ती अरबी नावं वहीत देवनागरीत उतरवली, खाली अर्थ आणि पुढे पावलांचा आकडा.

जानेवारीत नगरपालिकेतून बोलावणं आलं. टेबलापलीकडे एक तरुण अमिराती इंजिनिअर बाई होत्या, नम्र आणि घाईत. अर्जासोबतचे कागद चाळत इंग्रजीत म्हणाल्या, "मिस्टर मुकुंद, तुम्ही तर दोन वर्षांत तुमच्या देशात परत जाल. तुम्हाला या वाटेचं काय?"

मला वाटलं, आता हे काही तरी मोठं बोलतील. खानविलकरांनी वही उघडली आणि नावं वाचायला सुरुवात केली. राजापुरी जिभेने अरबी. बाईंनी पहिल्या नावाचा उच्चार सुधारला, दुसऱ्याचा सुधारला, तिसऱ्याला हसल्या. आंधळ्याची पायरी आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अबू राशिदांनी."

"माझी आजी सांगायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, ती नुसती गोष्ट आहे." मग त्यांनी वही स्वतःकडे ओढली, उलटी-सुलटी केली. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. "पहिल्यापासून वाचा. सावकाश."

फेब्रुवारीत त्या दोन अधिकाऱ्यांना घेऊन पाहणीला आल्या. खानविलकरांनी तिघांचेही बूट तपासले, आणि एका अधिकाऱ्याला खालीच बसवलं.

सगळं काही वाचलं नाही. वाटेचा खालचा तिसरा हिस्सा खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यात गेला. नवरी थांबली ती जागा आता कुणाला दाखवता येणार नाही. पण अठरा खुंट्या निघाल्या. मळा राहिला, आंधळ्याची पायरी राहिली, हॉटेलची बोलणी बंद झाली. नव्या सुरुवातीला नगरपालिकेने हिरवा फलक लावला, त्यावर उरलेली नावं अरबीत आणि इंग्रजीत लिहिली. खानविलकरांचं नाव त्यावर नव्हतं, आणि त्यांनी ते शोधलंही नाही. त्यांनी फलकावरचं अंतर पाहिलं, पावलांशी ताडून बघितलं आणि म्हणाले, "चाळीस मीटर कमी लिहिलंय." सोमवारी त्यांचा दुसरा अर्ज 'इतर' सदरात दाखल झाला.

नोकरी राहिली. मॅनेजर त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागला. खानविलकरांच्या मते तो आधीही तेवढंच बोलायचा.

ट्रकांच्या रस्त्यामुळे एक गोष्ट मात्र झाली. जीप आता बऱ्याच वरपर्यंत जाऊ लागली, आणि मार्चमधल्या एका शनिवारी खानविलकर अबू राशिदांना घेऊन आले. म्हाताऱ्याने ती वाट तीस वर्षांत पाहिली नव्हती. आम्हाला मळ्यापर्यंत जायला तिथून अर्धा तास लागतो. त्या दिवशी दोन तास लागले. हळू चालणाऱ्यांवर खेकसणारे खानविलकर एकेका पायरीवर थांबत, म्हाताऱ्याच्या कोपराखाली हात धरून चालत होते. मी पहिल्यांदाच पाहिलं, की ते पावलं मोजत नव्हते.

वर मळ्यात अबू राशिद एका खजुरीला पाठ टेकून बसले आणि डोळे मिटून घेतले. बाकीची मंडळी पाण्याकडे गेली. मी खानविलकरांना विचारलं, "एक विचारू? नोकरी पणाला लावलीत. का?"

ते डब्याचं झाकण लावत होते. ते लागेना.

"आमच्या गावी घरामागे सडा होता, कातळाचं माळरान," ते म्हणाले. "त्यावरून पलीकडच्या वाडीत पायवाट जायची. आई रोज संध्याकाळी त्या वाटेने कुसुममावशीकडे जायची. मैत्रीण तिची, लग्न होऊन आली तेव्हापासूनची. मी इकडे होतो. चिऱ्याच्या खाणीसाठी सड्याची जागा मागायला माणूस आला. भावाने फोनवर विचारलं, मी हो म्हटलं. कागद कुरिअरने आला, मी जहाजावर जाता जाता सही केली. वाट कुठून जाते ते डोक्यातच आलं नाही."

"मग?"

"सुट्टीत गेलो तर मागे चाळीस फूट खड्डा. डांबरी रस्त्याने कुसुममावशीचं घर सात किलोमीटर. दोघींनाही चालवत नाही तेवढं. आई मला काहीच बोलली नाही. फक्त संध्याकाळी मागच्या दाराशी जाऊन बसायची. चार वर्षं बसली. मग गेली."

झाकण लागलं. त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि जरा उंचावर, जिथे फोनला रेंज येते तिथे गेले. मी पाण्याकडे निघाले होते, पण त्यांचा आवाज ऐकू आला म्हणून थांबले. टायपिंग सेंटरमध्ये, नगरपालिकेत, आमच्याशी, इतका मऊ आवाज त्यांनी कधी काढला नव्हता.

"कुसुममावशी, मी मुकुंद. हो, पोचलो वर. हो, शनिवार आहे ना आज."

पलीकडून म्हातारीने मोठ्याने काही तरी विचारलं. तिला कमी ऐकू येत असावं, कारण तिचा प्रश्न मलाही ऐकू आला.

"वाट आहे ना रे अजून?"

"आहे," खानविलकर म्हणाले. मग तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं, "आहे, मावशी. आहे."