तरीसुद्धा

संध्याकाळी दुकान बंद करून घड्याळजी नव्या घरी आले, तर फाटकाच्या खांबावर पाटी बसवून झाली होती आणि पाटीसमोर बायको उभी होती. पाटी देखणी होती, काळ्या दगडाची, अक्षरं ठसठशीत. फक्त घड्याळजींनी कोरायला सांगितलं होतं 'निवारा' आणि पाटीवर होतं 'तरीसुद्धा'.

कारागिराकडे पाट्यांची अदलाबदल झाली, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. ते तसं सांगणारही होते. तेवढ्यात बायको वळली आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलं. आता, लग्न जुनं झालं की बायको नवऱ्याकडे बघते ती शर्टाला डाग पडलाय का ते बघायला. या घरात तर घड्याळजी "आज जरा" एवढं म्हणेपर्यंत ती "डोकं दुखतंय, माहीत आहे" म्हणून मोकळी व्हायची. त्या संध्याकाळी मात्र एखाद्या अनोळखी पण बऱ्या दिसणाऱ्या माणसाकडे बघावं तशी ती बघत होती.

"हे तुम्हाला सुचलं?"

घड्याळजी नुसते हसले. तिथंच सगळं बिघडलं.

पुढचे काही दिवस सुखात गेले. बायको चहा घेऊन समोर बसायची, नावाचा अर्थ काय म्हणून खोदून खोदून विचारायची, आणि घड्याळजी गूढ चेहरा करायचे. खरं म्हणजे तिच्याइतकंच त्यांनाही कुतूहल होतं. दुकानात डोळ्याला भिंग लावून बसले तरी डोक्यात तेच. कुणी सांगितलं असेल असं नाव, आणि कशावरून?

पण नावाचा अर्थ कळला नाही की लोक ते अंगाला लावून घेतात. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी मधली भिंत उंच करायला हरकत घेतली होती. पाटी आपल्या खिडकीकडे तोंड करून आहे, हे त्यांनी हेरलं आणि बोलणं टाकलं. मग मेहुणा आला. जागा सखल आहे, घेऊ नका, असं त्यानं बजावलं होतं. पाटी वाचून तो फाटकातूनच परत फिरला आणि बहिणीला फोन करून म्हणाला, टोमणा मारायचा तर तोंडानं मारायचा, दगडात कशाला कोरायचा?

त्या संध्याकाळी चहा आला नाही. बायको एकटीच पायरीवर बसली होती.

"हे घर नको, असं मीही म्हणाले होते," ती म्हणाली. "म्हणजे ते माझ्यासाठीच ना?"

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता घड्याळजींनी कारागिराला गाठलं, त्याच्याकडून पत्ता घेतला आणि ते थेट 'निवारा'समोर जाऊन उभे राहिले. घरमालक औषधांचा दुकानदार होता. घड्याळजी कशासाठी आलेत हे कळताच तो बाहेर आला आणि त्यानं आपल्यामागे दार हळूच ओढून घेतलं.

"पाया पडतो, पाटी परत मागू नका," तो दबक्या आवाजात म्हणाला. "'तरीसुद्धा' आमच्या हिनं सांगितलं होतं. 'निवारा' लागलेलं बघून तिला वाटलं, मीच बदललं. का बदललं विचारलं, तर मी म्हटलं, तू आहेस म्हणून. तेव्हापासून घरात शांतता आहे हो."

"पण 'तरीसुद्धा' म्हणजे काय?"

"ते विचारायची माझी छाती झाली नाही."

घड्याळजी हात हलवत परत आले आणि त्यांनी बायकोला पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली, पण चेहऱ्यावर विश्वास दिसेना.

"काडेपेटीत काड्या कमी निघाल्या तर ती परत करायला जाणारा माणूस तुम्ही. चुकीची पाटी इतके दिवस ठेवून घ्याल?"

घड्याळजींनी मान खाली घातली. "त्या दिवशी पाटी वाचून तू माझ्याकडे बघितलंस ना, ते बरं वाटलं. परत तसं बघशील की नाही, म्हणून गप्प बसलो."

बायको आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली. पाटी आहे तिथं राहू दे, एवढंच म्हणाली.

सकाळी घड्याळजी खिडकीशी दाढी करत होते. बाहेर बायकोनं आपणहून मुख्याध्यापिकांना हाक मारली.

"ते तुमच्यासाठी नाही बरं का," ती सांगत होती. "अर्थ मलाही कालच कळला."

मग आवाज खाली गेला. घड्याळजींनी कान टवकारले, पण एक शब्द ऐकू येईल तर शपथ. एवढंच दिसलं, की मुख्याध्यापिकांनी खिडकीतल्या त्या अर्ध्या फेसाळ चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

बायको आत आली तेव्हा घड्याळजी वस्तरा हातात धरून दारातच उभे होते.

"काय सांगितलंस त्यांना?"

बायको नुसती हसली.