दोनदा दाबणारे बर्वेकाका

आमच्या अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या ऑफिसात आयती कॉफी हवी असेल तर बर्वेकाकांच्या मागे उभं राहावं. हा माणूस मशीनचं बटण दोनदा दाबतो. दोन कप भरतात, एक मागच्याला मिळतो. लिफ्टचं बटणही दोनदाच. "अहो काका, एकदा पुरे!" मी वैतागून म्हणायची. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "असू दे गं. माणसं दाबतात दोनदा."

आमचं अ‍ॅप घरबसल्या औषधं मागवायचं. काका त्याचे टेस्टर. वर्षानुवर्षं एकेक स्क्रीन हाताने तपासत आलेले. यंदा वरून फर्मान निघालं, टेस्टिंग ऑटोमेट करा. म्हणजे आपणहून अ‍ॅप चालवून चुका शोधणारं एखादं फ्रेमवर्क निवडा. निवडायचं काम काकांवर आणि माझ्यावर आलं.

काकांनी त्याचा चक्क बघण्याचा कार्यक्रम केला. शेवटी दोन स्थळं उरली. एक माझ्या पसंतीचं, चटपटीत, चहा होईपर्यंत सगळ्या टेस्ट उरकणारं.

"मुलगा हुशार आहे," काका म्हणाले, "पण म्हाताऱ्या माणसांत वावरलेला दिसत नाही."

दुसरं जरा मंदच. पण बोट कसं अडखळेल, कसं थरथरेल, हे त्याला सहज शिकवता यायचं. काका खूश. "हा घरात रुळेल बघ."

"काका, आपल्याला जावई नकोय, टूल हवंय!"

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी माझा हुशार मुलगा चालवून दाखवला. सगळं हिरवंगार, एकही चूक नाही. मग काकांनी स्वतःचा फोन काढला, औषध निवडलं आणि 'ऑर्डर'वर बोट दाबलं. दोनदा. पहिल्या दाबाने ऑर्डर गेली, लगेच पुढचा स्क्रीन आला, आणि त्यात नेमकं त्याच जागी 'कॅन्सल'. दुसऱ्या दाबाने ऑर्डर रद्द!

"असं दोनदा कोण दाबतं, यार?" आमचा नागपूरकर मॅनेजर म्हणाला.

"माझी आई," काका म्हणाले. "हात थरथरतात तिचे. मागच्या महिन्यात तिची ऑर्डर अशीच रद्द झाली. तेव्हापासून फोनला हात लावत नाही. म्हणते, माझ्या हातून आता काहीच होत नाही."

म्हणजे लिफ्ट काय, कॉफी काय, आईला जमेल का तेच हा माणूस बघत हिंडत होता. मंद जावई एकमताने पसंत झाला आणि 'कॅन्सल' दुसऱ्या कोपऱ्यात गेलं.

नवीन अ‍ॅप आलं त्या शनिवारी काकांनी मला मुद्दाम घरी बोलावलं. सोफ्यावर त्यांच्या आई, म्हणजे आजी, बसल्या होत्या. काकांनी फोन त्यांच्या हातात दिला.

"नको रे अवि, परत घोटाळा करून ठेवीन."

"कर ना. करून तर बघ."

बोट थरथरत खाली आलं. काकांचा हात मदतीला निघाला आणि त्यांनी तो मागे घेतला. तेवढ्यात आजी दचकल्या.

"गेलं बाई! पुन्हा दोनदा दाबलं गेलं." त्यांचे डोळे भरून आले.

मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरला. ऑर्डर जशीच्या तशी होती. काकांच्या आधी मीच म्हटलं, "असू दे हो आजी. माणसं दाबतात दोनदा."