मंगळावरचं वादळ

मंगळ नुसता लाल दिसून भागणार नाही, त्याच्यावर धूळही उडाली पाहिजे, एवढंच मी ठरवलं होतं. याहून मोठे निर्णय माणसं घेतात आणि सुखरूप राहतात. (मी लग्नाचा घेतलाच होता. त्यात सुखरूप कोण राहिलं, हे शरदिनीला विचारू नका.)

गोष्ट सत्त्याण्णव सालची. त्या जुलैत अमेरिकेनं मंगळावर सहा चाकांची एक चिमुकली गाडी उतरवली. कशी? फुग्यांत गुंडाळून चक्क वरून सोडून दिली! टणाटण उड्या मारत ती थांबली, फुग्यांतली हवा गेली आणि बाईसाहेब निघाल्या फिरायला. बँकेच्या काउंटरवर मी ती बातमी वाचली आणि अंगावर काटा आला. आमच्या बनारसच्या गल्लीत समोरून म्हैस आली तर सायकल मागे घ्यावी लागते, आणि या लोकांनी कोट्यवधी मैलांवर गाडी चालवली! समोरचा खातेदार म्हणाला, "बाबूजी, पासबुक?" मी म्हणालो, "मंगळावर."

विज्ञानकथांचा मी जुना भक्त. घरी केबल आल्यापासून अंतराळयानाची ती इंग्रजी मालिका मी एकदाही चुकवलेली नाही. भक्त असलो तरी आंधळा नाही, हं. अवकाशात हवा नाही, मग स्फोट ऐकू कसा येतो? परग्रहावरची मंडळी इतकं अस्खलित इंग्रजी कुठे शिकली? (आमचे मॅनेजर याच ग्रहावरचे असून त्यांना ते जमलेलं नाही.) पण त्या यानाची कप्तान! यान गदगदा हलतंय, भिंतींतून ठिणग्या उडतायत, आणि ती बाई आवाज न चढवता दोन शब्दांत हुकूम देते. मला तर हात जोडावेसे वाटतात.

"एवढं मोठं यान, आणि एक फ्यूज बसवता येत नाही?" शरदिनी स्वयंपाकघरातून विचारते. तिला विज्ञानकथा कळत नाहीत. (प्रश्न बरोबर आहे. मी तसं कबूल केलेलं नाही.)

बालाजी घाटाजवळच्या आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचे सेक्रेटरी विष्णुपंत. ते एक दिवस घरी आले आणि म्हणाले, "नरहरराव, यंदा कुछ नया पाहिजे. वहिनींचं गाणं आहेच. त्याच्या आधी तुम्ही मंगळावर बोला. मॉडेल-बिडेल करा."

वहिनींचं गाणं ही साधी बाब नव्हती. शरदिनी घरी मुलींना गाणं शिकवते, पण लग्नानंतर ती बैठकीत गायलीच नव्हती. आणि श्रोते कोण, तर बनारसचे! इथं सूर हलला तर पानवालासुद्धा चुना लावायचा थांबतो. महिनाभर तिनं दही आणि लोणचं सोडलं होतं. दूधवाल्याशीसुद्धा ती हळू आवाजात भांडत होती.

"तुमचं लवकर आटपा," ती मला म्हणाली. "आणि माझ्या गाण्याआधी काही घोळ घालू नका. एवढंच मागते."

मी कामाला लागलो. चपलांच्या खोक्याची गाडी केली, तिला बूटपॉलिशच्या डब्यांची चाकं लावली, ओढायला मांजा बांधला. धुळीसाठी टेबलफॅन घेतला. त्याचं रेग्युलेटर बिघडलेलं होतं, पण आमच्या घरी व्होल्टेज इतकं कमी की पंखा नुसता मान हलवून होकार द्यायचा. मंगळाला तेवढं पुरे होतं. मातीसाठी गेरूची पूड आणून पत्र्याच्या डब्यात भरली आणि डबा फळीवर ठेवला.

"हे लाल लाल काय?" शरदिनी.

"मंगळ."

"मग तो फळीवर नको."

यावर पुढे काही झालं असेल हे माझ्या लक्षात आलं नाही. झालं ते असं, की तिनं गेरूचा डबा खाली ओट्यामागे ढकलला आणि त्याच्या जागी तसलाच दुसरा डबा ठेवला. त्यात तिच्या माहेराहून, नागपूरहून आलेलं वर्षाचं तिखट होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी घाईत फळीवरचा डबा उचलला. उघडून पाहिला. लाल होतं. हॉलमध्ये टेबलावर ते पसरताना डोळे चुरचुरले, दोन शिंकाही आल्या, पण मी अडाणी नव्हे. गेरूत लोह असतं, मंगळाच्या मातीतही लोह असतं, तेव्हा नाकाला झोंबणं अगदी शास्त्रशुद्ध होतं.

"नरहरराव, माती तेज आहे," विष्णुपंत शिंकून म्हणाले.

"असणारच," मी म्हणालो. "लोह!"

हॉल भरला. पुढच्या रांगेत गोपीनाथकाका बसले होते. आमच्या मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ आणि गाण्याचे कडक जाणकार. त्यांनी मान डोलावली तर गाणं झालं, नाहीतर नाही. पडद्यामागे शरदिनी तंबोरा लावत होती. मी फुग्यांपासून सुरुवात केली, गाडी दगडाजवळ आणली आणि आवाज खोल करून म्हणालो, "आणि मंगळावर असं वादळ सुटतं!"

बटण दाबलं.

उत्सवासाठी विष्णुपंतांनी जनरेटर मागवला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पंख्याला जन्मात पहिल्यांदा पूर्ण वीज मिळाली. त्यानं हंबरडा फोडला आणि सबंध मंगळ ग्रह उचलून प्रेक्षकांत नेऊन टाकला.

मग सगळा हॉल एका दमात शिंकला. "अरे बाप रे!" "आँख गई!" "पाणी, पाणी!" विष्णुपंत गणपतीसमोर आडवे झाले. (तो नमस्कार नव्हता.) मी बटण शोधत होतो, पण डोळे मिटलेले असल्यामुळे गणपतीचा कान पिरगाळत होतो.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "माझं तिखट!"

आणि शरदिनी बाहेर आली. नाकातोंडावर ओला पदर. एका हातानं तिनं पंख्याची वायर उपटली. "खिडक्या उघडा," ती म्हणाली. "डोळे चोळू नका." "म्हाताऱ्यांना आधी." आवाज चढला नाही, शब्द वाया गेला नाही. गंगा भरलेली, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, म्हणून तिनं सगळ्यांना गच्चीवर पाठवलं. बादल्या आल्या, डोळे धुतले गेले. मी जिन्यात उभा राहून बघतच राहिलो. ज्या कप्तानाला मी टीव्हीवर हात जोडत होतो, ती इतकी वर्षं माझ्या घरी पोळ्या लाटत होती!

"शरदिनी," मी चाचरत म्हणालो, "आज गाणं राहू दे. घसा..."

तिनं माझ्याकडे पाहिलं. (तो मजकूर छापता येणार नाही.) "तंबोरा वर आणा," ती म्हणाली.

गच्चीवर सतरंजी पडली. खाली गंगेचा मोठा, एकसारखा आवाज. पहिला सूर लावताना ती अडखळली. ती घोटभर पाणी प्यायली, तिनं डोळे मिटले आणि सूर पुन्हा लावला. मग पूरिया असा उलगडत गेला की खोकणारेसुद्धा खोकला दाबून बसले. मला रागातलं कळत नाही. पण इतके दिवस मी भलत्याच आकाशाकडे बघत होतो, एवढं त्या संध्याकाळी कळलं.

गाणं संपलं. सगळ्यांचे डोळे वाहत होते. गोपीनाथकाका उठले, उपरण्यानं गाल पुसत तिच्यापाशी आले.

"पोरी, रडवलंस," ते म्हणाले. "तिखट नव्हे हो, सूर. तिखटाचं रडणं मघाशीच संपलं होतं."

शरदिनी वाकून पाया पडली. माझीही छाती फुगली. आता व्याख्यानाचा विषय निघणारच म्हणून मी हळूच पुढे सरकलो. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नरहर, तुझंही कौतुक केलं पाहिजे. दोन आठवडे नाक बंद होतं, वैद्यांनी हात टेकले होते. एका फुंकरीत मोकळं झालं!" आणि मग जवळ येऊन हळूच विचारलं, "पण एवढं कळलं नाही, हे औषध आणायला त्या अमेरिकेवाल्यांना मंगळावर कशाला जावं लागलं?"